ढोबळे सरांची छापील बदली

'खळ्या'त चुकीची बातमी येत नाही. समीक्षा हे वाक्य बोलायची तेव्हा त्यात बढाई नसायची. पावसात पेज नदी फुगते, हे सांगताना कोणी बढाई मारतं का? तसंच ते. ती आपली माहिती द्यायची.

'खळं' हे कडावच्या पुढच्या एका हायस्कुलातल्या मुलांचं वर्तमानपत्र. चार पानांचं, महिन्यातून एकदा निघणारं, कर्जतला छापलं जाणारं. खळ्यावर भात झोडलं की दाणा इकडे आणि फोल तिकडे होतं, तसं आम्ही बातम्यांचं करतो, असं पहिल्या पानावर नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असे. समीक्षा दहावीत होती आणि 'खळ्या'ची संपादक होती. गेल्या हिवाळ्यात अलिबागला शाळांच्या वर्तमानपत्रांची स्पर्धा झाली. त्यात 'खळ्या'ला पहिलं बक्षीस मिळालं आणि परीक्षकांनी भाषणात खास नाव घेतलं ते विश्वासार्हतेसाठी.

बक्षीस म्हणजे काचेची एक लेखणी होती. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात उभी असे. शाळेत कोणीही आलं की आधी ते कपाट उघडलं जाई. शौचालयांची पाहणी करायला आलेल्या साहेबांना सुद्धा आधी लेखणी बघावी लागली, शौचालयं नंतर.

पण खरा परिणाम झाला तो गावावर. पूर्वी लोक 'खळं' कौतुकानं वाचायचे, पोरांनी काढलंय म्हणून. बक्षिसानंतर ते पुराव्यासाठी वाचू लागले. एसटीची वेळ बदलल्याचं 'खळ्या'त आलं, त्यानंतर एक म्हातारे गृहस्थ वेळेआधी आलेल्या गाडीत चढेनात. कंडक्टरनं हात धरून बोलावलं तरी म्हणाले, "ही आमची गाडी नाय. 'खळ्या'त येगळी वेळ हाय." गाडी गेली. पुढच्या गाडीची वाट बघत ते समाधानानं बसून राहिले.

हे सगळं ज्या नियमावर उभं होतं तो समीक्षाचा स्वतःचा नियम होता. बातमी दोन तोंडांनी खरी ठरली पाहिजे. ती दोन तोंडं एका घरातली नकोत, आणि आपल्या बातमीदाराचं तोंड त्यात धरायचं नाही. त्याबरोबर तिनं मुलांना विचारायची पद्धतही शिकवली होती. "'खरं का हो?' असं कधी विचारायचं नाही. लोक सावध होतात. आपल्याला सगळं ठाऊक आहे, फक्त शेवटचं टोक हवंय, असा चेहरा करून विचारायचं." ही पद्धत तिनं अलिबागला परीक्षकांनाही सांगितली होती. एका परीक्षकानं ती लिहून घेतली होती.

तर जुलै महिन्यात, अंक कर्जतला जायला थोडेच दिवस उरले असताना, झुहेब धावत आला. झुहेब नववीतला, 'खळ्या'चा सगळ्यात हुशार बातमीदार. त्याच्या मामूंचा, अलीमामूंचा, नाक्यावर टेंपो होता, आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला जे कळतं ते गावात दुसऱ्या कोणाला कळत नाही.

"ढोबळे सर चालले," तो म्हणाला.

"कुठं? मुतारीत?"

"शाळा सोडून गं. कुंभिवलीला. मामूला इचारत होते, पुढच्या रविवारी कुंभिवलीची फेरी जमंल का, सामान हाय म्हणून. मी तिथंच उभा होतो."

ही शाळा ज्या संस्थेची होती तिचीच एक शाळा कुंभिवलीला होती, आणि तिथले गणिताचे सर महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेले होते. ढोबळे सर गणिताचे. हिशेब इतका सोपा होता की स्वतः ढोबळे सरांनीही तो फळ्यावर न मांडता सोडवला असता.

"तुझं तोंड धरत नाहीत," समीक्षा म्हणाली. "दोन आण."

"सरांनाच विचारू?"

त्याची सोय नव्हती.

ढोबळे सर घाटावरचे. उंच, किडकिडीत, बोलणं कमी. त्यांच्याकडे काहीही विचारायला गेलं की ते आधी हातात खडू देत आणि फळ्याकडे बोट करत. एकदा 'पाणी पिऊन येऊ का' विचारायला गेलेली मुलगी वर्गसमीकरण सोडवून, तहान विसरून जाग्यावर येऊन बसली होती. शिवाय बदली झालेल्या माणसाला त्याच्या बदलीचं तोंडावर विचारायचं नाही, ही रीत. त्यानं आपणहून सांगेपर्यंत आपल्याला काही ठाऊक नाही असं दाखवायचं आणि बाकी सगळ्यांशी त्यावर बोलायचं. मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेले होते. 'खळ्या'चं काम बघणाऱ्या हाजरा मॅडम भाच्याच्या लग्नासाठी म्हसळ्याला होत्या. राहिलं कोण? गाव.

झुहेब संध्याकाळी दूध डेअरीवर गेला. दत्ता तिथं दूध मोजून घ्यायचा.

"काय दत्ताकाका, ढोबळे सर चालले ना कुंभिवलीला," झुहेब म्हणाला. चेहरा शिकवल्याप्रमाणे.

"हां? कधी रं?"

"म्हंजे तुमाला नाय म्हाईत?"

डेअरीवर उभं राहून 'माहीत नाही' म्हणायची दत्ताला सवय नव्हती. "आयकलं व्हतं," तो म्हणाला. "पन नक्की नव्हतं."

झुहेब प्रामाणिक मुलगा. 'आयकलं व्हतं' हे तोंड धरता येत नाही हे त्याला माहीत होतं. त्यानं दत्ताला सोडून दिलं आणि घरी गेला.

दोनच दिवसांत तोंडं आपणहून चालत आली. पहिलं तोंड कोंडाजींचं. ढोबळे सर त्यांच्याच खोलीत भाड्यानं राहत. समीक्षा रस्त्यानं जाताना कोंडाजींनी तिला थांबवलं. "तुमचा मास्तर चालला म्हनं. खोली बघायला मानूस येनार हाय माझ्याकडं."

"नक्की ना, आजोबा?"

"खोली माझी हाय. मला नाय कळनार तर कुनाला?"

दुसरं तोंड तर थेट सरपंचांचं. आनंदीबाई पंचायतीच्या पायरीवर बसून कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या. "न्हाय न्हाय, गणिताचं सर जातायत, आता नवा कुनी धाडा म्हनावं लवकर." समीक्षाला विचारावंही लागलं नाही.

घरमालक आणि सरपंच. अशी तोंडं अलिबागच्या मोठ्या पेपरांनाही मिळत नाहीत. समीक्षानं पहिल्या पानावर वरच्या बाजूला जागा केली. मथळा साधा ठेवला: 'ढोबळे सरांची कुंभिवलीला बदली'. बातमी लहान होती, म्हणून खाली 'सरांचे कार्य' असा एक मजकूर जोडला. तो अर्ध्या तासात तयार झाला. कर्जतच्या छापखान्यात लग्नपत्रिकांची रांग होती आणि शनिवारी दुपारनंतर मशीन मिळणार नव्हतं, त्यामुळे घाई होती. घाईत मजकूर कसा तयार झाला ते पुढं येईल. समीक्षाला ते आत्ताच आलेलं आवडणार नाही.

सोमवारी अंक निघाला. एक प्रत शाळेच्या फलकावर, एक डेअरीवर, एक पंचायतीत, एक एसटी थांब्यावर.

ढोबळे सर फलकापाशी आले तेव्हा समीक्षा वर्गाच्या खिडकीतून बघत होती. सरांनी बातमी वाचली. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. परत वाचली. आता ते ओरडणार, असं क्षणभर तिला वाटलं. ते ओरडले नाहीत. फलकासमोर ते जरा जास्तच वेळ उभे राहिले आणि मग वर्गात येऊन, नेहमीसारखं हजेरीही न घेता, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आज उदाहरणं राहू देत. वाचत बसा."

असं आजवर झालं नव्हतं. दहावीच्या वर्गात दिवाळीचा आनंद पसरला.

मधल्या सुट्टीत झुहेब बातमी घेऊन आला. सरांनी शिक्षकांच्या खोलीतून संस्थेच्या ऑफिसात फोन लावला होता. तिकडचा कारकून म्हणाला होता, "साहेब दौऱ्यावर आहेत. ऑर्डर असेल तर येईल." सरांनी फोन ठेवला आणि बाकीच्या शिक्षकांना सांगितलं, "निघाली असणार. टपालात असेल."

"पण ऑर्डर आली नाही अजून?" समीक्षानं विचारलं.

"एक बाई पण तेच म्हणाल्या त्यांना. तर सर म्हणाले, 'ऑर्डरला उशीर होतो. खळ्यात आलंय.'"

समीक्षाच्या अंगावर त्या वेळी अभिमानाचा काटा आला. तो तिला नंतर बरेच दिवस आठवायचा आणि दर वेळी कानाच्या पाळ्या तापायच्या.

पुढचं सगळं गावानं हातात घेतलं. कोंडाजींनी खोली दुसऱ्याला दिली. कोंडाण्याची लेणी दाखवायला शहरातल्या लोकांना डोंगरावर घेऊन जाणारा एक तरुण होता, त्यानं विसारही दिला. आनंदीबाईंनी गुरुवारी संध्याकाळी समाजमंदिरात निरोप समारंभ ठरवला. शाल, नारळ, भाषणं, मग जेवण. गुरुवारी दहावीची बीजगणिताची चाचणी होती, ती रद्द झाली.

बुधवारी झुहेब परत आला. या वेळी तो धावत आला नाही. वर्गाच्या दाराशी चपलेनं जमीन खरवडत उभा राहिला.

"काय झालं?"

"मामूनं इचारलं, सरांचा पलंग आणायचाय तो आता आणायचा का नाय."

"आणायचा कुठून?"

"कुंभिवलीला सरांचा मेहुणा ऱ्हातो. त्याच्याकडं लोखंडी पलंग हाय जुना. मामूचा टेंपो हिथनं रिकामा जाणार होता, आन् तिकडनं पलंग भरून येणार होता." झुहेबनं जमीन खरवडायची थांबवली. "सर म्हणले होते मामूला, आता हिथंच ऱ्हायचंय तर जमिनीवर किती दिवस झोपू."

समीक्षा उठली. तिनं दप्तर वर्गातच टाकलं आणि ती कोंडाजींकडे गेली.

"आजोबा, सर जाणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आनंदीनं."

ती पंचायतीत गेली. "काकी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दत्तानं गं. दूध घालाया गेले व्हते तवा."

ती डेअरीवर गेली. झुहेब तिच्या मागून येत होता, पण डेअरीपासून बराच लांब, सुरूच्या झाडामागं थांबला.

"दत्ताकाका, सर जाणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दत्तानं तिच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं. "त्यो काय त्यो तुमचाच हुबा ऱ्हायलाय," तो म्हणाला. "मला काय म्हाईत व्हतं? त्योच इचारत आला, चालले ना म्हनून. एवढ्या खात्रीनं इचारलंन, मला वाटलं सगळ्या गावाला ठावं हाय आन् मीच येडा."

बातमी म्हणजे गावातून फिरून आलेला झुहेबचा प्रश्न होता. दोन्ही तोंडं खरी होती आणि दोन्हींत बोलत होता तो एकच माणूस. त्याला तसं विचारायला शिकवलं होतं समीक्षानं.

तिनं आधी आनंदीबाईंना गाठलं. "काकी, समजा, बातमी चुकली असली तर?"

"तुमच्यात चुकत नाय कधी."

"पण समजा."

"काय समजा? कोंबड्या सांगून झाल्यात. तांदूळ निवडून झालाय. आता चुकायला टाइम हाय का कुनाला?"

हाजरा मॅडम त्याच दुपारी म्हसळ्याहून परतल्या होत्या. समीक्षानं त्यांना सगळं सांगितलं. मॅडम मोठ्यानं बोलत नसत. त्यांनी प्रवासाची पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडं कशाला आलीस आधी? जा. शाल खांद्यावर पडायच्या आत सांग."

समीक्षा सरांच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं. सर पुस्तकं गोणपाटात बांधत होते. दाराबाहेर लेण्यांवाला तरुण पाठीवर पिशवी घेऊन उभा होता आणि खिडकीला पडदा कोणता लावावा याचा विचार करत होता.

"सर," ती म्हणाली.

"ये. ती दोरी धर जरा."

तिनं दोरी धरली. सरांनी गाठ मारली. "मला वाटलं होतं, इथं राहीन आता," ते गाठीकडे बघत म्हणाले. "पलंगसुद्धा सांगितला होता. पण तुम्ही मुलांनी चांगलं छापलंत. सरळ. आणि खाली ते एवढं सगळं लिहिलंत, ते..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि दुसरी गाठ मारली. "तुला काय पाहिजे होतं?"

खडू हातात न देता सरांनी कोणाला काही विचारलं, असं पहिल्यांदाच होत होतं. समीक्षाचं तोंड उघडलं. बाहेरून तो तरुण म्हणाला, "सर, हा खिळा तुम्ही नेणार का?"

"राहू दे," सर म्हणाले.

"काही नाही, सर," समीक्षा म्हणाली, आणि दोरी सोडून घरी आली.

गुरुवारी समाजमंदिर भरलं. मागच्या बाजूला रस्सा उकळत होता आणि त्याचा वास भाषणांच्याही पुढं बसला होता.

निरोपाच्या भाषणात जाणारा माणूस देव होतो, ही तर सगळीकडची रीत. कोंडाजी म्हणाले, असा भाडेकरू पुन्हा होणं नाही. (आठवड्यापूर्वीच ते नळावर म्हणाले होते की मास्तर बोलत नाही, त्यामुळं घरात भूत ठेवल्यासारखं वाटतं.) दहावीतल्या स्वराजनं गेल्या वर्षाचा निम्मा काळ सरांनी वर्गाबाहेर काढल्यामुळे व्हरांड्यात घालवला होता. तो माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, सरांनीच आपल्याला जग दाखवलं. तो रडला सुद्धा. चाचणी रद्द झाल्यापासून त्याचं मन फार हळवं झालं होतं.

मग आनंदीबाई उठल्या. "सर थांबले असते," त्या म्हणाल्या, "तर दहावीच्या वर्गावर नवे पत्रे घातले असते आमी ह्याच पावसात. माझा शबूद हाय. पन आता काय, नशीब शाळेचं." मग त्यांनी 'खळं' उघडलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि 'सरांचे कार्य' वाचायला लागल्या.

"'परीक्षेच्या दिवसांत सर पहाटे मुलांना अभ्यासाला बोलवत आणि स्वतःच्या हाताने चहा करून देत. त्या चहाची चव आम्ही विसरणार नाही.'"

समीक्षा पुढच्या मुलीच्या पाठीमागं सरकली.

हा मजकूर तिचा नव्हता. ढोबळे सर या शाळेत यायच्या आधीच निवृत्त झालेल्या वैद्य बाईंच्या निरोपाच्या अंकातला होता. शनिवारी घाईत तिनं शाळेच्या संगणकावरचा जुना अंक उघडला, 'बाई' होतं तिथं 'सर' केलं, क्रियापदं सारखी केली आणि पान पाठवून दिलं. निरोपाचा मजकूर कोण वाचतं, असं तिला वाटलं होतं.

"ह्ये वैद्य बाईपन करायच्या की," मागून दत्ता म्हणाला.

"मग ह्यांनी चालू ठेवलं आसंल," कोणीतरी त्याला गप्प केलं.

ढोबळे सरांनी मान वर केली होती. त्यांच्या कपाळावर आठी होती, अवघड उदाहरणात पडते तशी. मग आठी हळूहळू गेली. त्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि त्यांना बोलायला सांगितलं गेलं.

"चहा," ते म्हणाले आणि थांबले. "एकदा दिला होता. स्वराज लवकर आला होता, थंडी होती, तेव्हा अर्धा कप दिला होता. तेवढाच. मी विसरूनही गेलो होतो." त्यांनी घसा साफ केला. "मुलं एवढं लक्षात ठेवतात, हे मला माहीत नव्हतं."

ते खाली बसले. टाळ्या पडल्या.

समीक्षा उठली तेव्हा आपण काय बोलणार हे तिनं ठरवलेलं नव्हतं. पाय आपोआप माइककडे गेले. लोकांना वाटलं, संपादक दोन शब्द बोलणार. टाळ्या तिलाही पडल्या.

"सरांची बदली झालेली नाही," ती म्हणाली.

माइकनं शिट्टी मारली. ती शिट्टी थांबेपर्यंत तिला उभं राहावं लागलं.

"बातमी चुकली. सर कुंभिवलीहून फक्त पलंग आणणार होते. आम्हीच गावात विचारलं, ते गावानं आम्हालाच परत सांगितलं, आणि आम्ही छापलं. कोणाचा दोष नाही. माझा आहे."

मागं रश्श्याचं झाकण तेवढं खडखडत होतं.

"म्हंजे," आनंदीबाई म्हणाल्या, "सर कुठं चालले नायत?"

"नाही."

आपण खरं बोललो की लोक सुटकेचा श्वास टाकतील, सर आहेत म्हणून खूश होतील, असं समीक्षाला आतून कुठंतरी वाटलं होतं. तिनं समोर पाहिलं. दहावीच्या रांगेचे चेहरे जत्रेत पाळणा वर गेल्यावर वीज जावी तसे झाले होते. स्वराजचे डोळे अजून ओले होते, पण आता ते खरे ओले होते. कोंडाजी लेण्यांवाल्या तरुणाकडे बघत होते आणि तरुण छताकडे. आनंदीबाईंच्या डोळ्यांपुढं पत्रे दिसत होते. टाळी एकाही हातानं वाजवली नाही.

आणि हे सगळे चेहरे ढोबळे सर बघत होते. एकेक करून, हजेरी घ्यावी तसे.

समीक्षाला वाटलं, बातमी चुकली ती एक चूक होती. ही दुसरी तिच्यापेक्षा मोठी झाली. चहाचं सांगायला तिनं परत माइककडे तोंड नेलं, आणि ते तोंड उघडलंच नाही. आत्ताच या माणसाकडून सगळं काढून घेतलं होतं. अर्धा कप चहा तेवढा राहिला होता.

सरांनी खांद्यावरची शाल काढली, नीट चौकोनी घडी केली आणि आनंदीबाईंपुढं धरली.

"ऱ्हाऊ द्या सर," आनंदीबाई म्हणाल्या. "पुढंमागं लागंलच."

मग सगळे जेवायला बसले. कोंबड्यांना तर बातमी चुकल्याचा काही उपयोग नव्हता.

पुढच्या अंकात खुलासा आला. पहिल्या पानावर, वरच, चुकीच्या बातमीएवढ्याच जाड अक्षरांत. हाजरा मॅडमनी मापपट्टी घेऊन अक्षरं तपासली होती. पण तो खुलासा म्हणून वाचला तो फक्त मॅडमनी. गावानं त्याचा अर्थ असा लावला की सरांनी वरती कुठंतरी शब्द टाकून बदली रद्द करून आणली. 'खळ्या'त चूक होत नाही, हे गावाला ठाऊक होतं. संस्थेच्या दुसऱ्या शाळांतले दोन शिक्षक तर मुद्दाम एसटीनं येऊन सरांना विचारून गेले, कोणाला धरलंत म्हणून.

ढोबळे सर शुक्रवारीच पंचायतीत गेले होते. "थांबलोय," एवढंच म्हणाले, आणि समोरच्या खुर्चीवर बसून राहिले. आनंदीबाईंनी समीक्षाला रस्त्यात अडवलं. "तुमी छापता कागूद, आन् पत्रे माज्या बोडक्यावर." पण शब्द चारचौघांत दिलेला होता. पत्रे आले.

सरांची खोली मात्र गेली होती. मुख्याध्यापकांनी त्यांना शाळेमागची जुनी प्रयोगशाळा राहायला दिली. अलीमामूंचा टेंपो कुंभिवलीला रिकामा गेला आणि पलंग भरून आला. तो आत नेताना झुहेबनं एक पाय धरला होता. त्या दिवशी तो काही म्हणजे काही विचारत नव्हता.

सर शाळेतच राहू लागले, आणि आठवड्यानं फलकावर त्यांच्या सरळ अक्षरात सूचना लागली. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी पहाटे पाचला अभ्यासिका, पूर्वीप्रमाणे. चहा मिळेल.

'पूर्वीप्रमाणे' हा शब्द समीक्षानं वाचला तेव्हा तिच्या मागं अख्खा वर्ग उभा होता.

"चव विसरणार नाय म्हणे," कोणीतरी म्हणालं.

"कोनी लिवलं व्हतं गं ते?" दुसऱ्यानं विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

हाजरा मॅडमना तिनं मजकुराचंही सांगितलं. मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दुसरा खुलासा छापायचा की तोंडी सांगायचा, ते तू ठरव," त्या म्हणाल्या. "पण ठरव."

समीक्षानं तोंडी ठरवलं. पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी गेली. अजून उजाडलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या दारातून उजेड येत होता. आत पलंग होता, पलंगावर घडी केलेली शाल होती, आणि टेबलावर जिथं पूर्वी मुलं आम्लं आणि क्षार उकळायची तिथं सर चहा उकळत होते. कप मांडून ठेवले होते. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक पुरेल, एवढे.

"ये," सर म्हणाले. "बाकीचे?"

"येतील, सर." कोणी येणार नव्हतं. "सर, मला एक सांगायचं होतं. त्या मजकुराबद्दल. तो चहाचा..."

"आधी घे." सरांनी कप तिच्या हातात दिला. चहा काळपट होता आणि त्यात सुंठ अशी पडली होती की वासानंच डोळ्यांत पाणी आलं. सर उभे राहून तिच्या तोंडाकडे बघत होते. पेपर तपासून झाल्यावर गुण ऐकायला मुलं उभी राहतात, तसे.

"तुला ते स्वराजनंच सांगितलं असणार ना?" त्यांनी विचारलं. "त्या अर्ध्या कपाचं. दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं."

समीक्षानं एक घोट घेतला. घशातून आग खाली गेली. सांगायचं ते सगळं वाक्य तयार होतं, रात्रभर पाठ केलेलं.

"हो, सर," ती म्हणाली. "स्वराजनंच."

"वाटलंच मला." सर पाठमोरे झाले आणि उगाचच एक रिकामा कप पुसू लागले. "त्याच्या घरावरूनच येतेस ना तू? मग उद्यापासून त्याला उठवून आणायचं तुझ्याकडं."